खाल्ल्या नाचणीला जागलेली हाडं

केतकी पार्टे सात वर्षं फिनलंडमध्ये राहत होती, आणि ती तिथे कधी राहिलेलीच नाही अशी साक्ष खुद्द तिच्याच हाडांनी दिली.

किविलाहती हे तळ्याकाठचं लहानसं शहर. तिथल्या वास्तव्य कार्यालयात त्या सकाळी पार्टे कुटुंबाची पाळी होती. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळायचा तर अस्थिवाचक नावाच्या यंत्राच्या कड्यात पाय घालून नडगी मोजून घ्यायची, एवढंच काम. दुखत नाही, खुपत नाही. पहिला पाय केतकीच्या नवऱ्यानं, हर्षदनं घातला. "माझ्या हाडात कारखान्याच्या कॅन्टीनचे उकडलेले बटाटे सापडतील," तो म्हणाला, आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. मग सहा वर्षांच्या नीरजानं आपली काडीसारखी नडगी पुढे केली. तिचा जन्म इथलाच, तिचाही दिवा हिरवा.

केतकीच्या वेळी दिवा लागलाच नाही. यंत्रामागे बसलेल्या डॉ. तूलिक्की रांताला यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाय पुन्हा आत ठेवायला सांगितला. साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना नुसतं तूलिक्की म्हणत. केतकीच्या जिभेला ते जड जायचं, म्हणून ती मनातल्या मनात पुढे 'बाई' जोडून टाकायची.

"तुम्ही या देशात कधी आलात?" तूलिक्कीबाईंनी विचारलं.

"सात वर्षं झाली. मधे एकदाही बाहेर गेले नाही. नदीवरचा नवा लाकडी पूल मीच बांधलाय. तुम्ही त्यावरूनच आला असाल."

"त्यावरूनच आले. चांगला पूल आहे." बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "पण तुमची हाडं म्हणतात, तुम्ही इतकी वर्षं एका थिजलेल्या ज्वालामुखीवर राहताय. आजही तिथेच आहात."

हर्षद हसला, कारण त्याला वाटलं यंत्र बिघडलं असावं. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

हे यंत्र वाचतं तरी काय, ते इथे सांगायला हवं. स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य आहे. ते खडकातून मातीत येतं, मातीतून पिकात आणि पिकातून आपल्या पोटात. शरीराला ते कॅल्शियमचाच भाऊ वाटतं, म्हणून कॅल्शियमबरोबर तेही कणाकणानं हाडात बसवलं जातं. त्याच्या दोन जाती आपल्या कामाच्या, एक किंचित जड आणि एक किंचित हलकी. जड जात खडकातल्या रुबिडियमपासून तयार होते, तीही इतक्या सावकाश की माणसाच्या सगळ्या इतिहासात मूठभरसुद्धा भर पडू नये. म्हणून ज्या खडकात रुबिडियम भरपूर आणि वय अफाट, तिथे जड जात जास्त. फिनलंडच्या पायाखालचा ग्रॅनाइट एकशे ऐंशी कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे त्याच्यासमोर कालचं पोर. पृथ्वीच्या पोटातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उकळत वर आला, रुबिडियम मुळातच कमी घेऊन आला. दोन्हींचं प्रमाण एकमेकांशी कधी जुळत नाही.

आणि हाड ही काही मेलेली वस्तू नव्हे. ते रोज थोडं झिजतं, रोज थोडं नव्यानं बांधलं जातं. दहाएक वर्षांत माणसाचा बहुतेक सांगाडा बदलून जातो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जे खाल्लं त्या मातीचा डोंगर असा आपल्या आत थराथरानं चढत असतो. तूलिक्कीबाई मूळच्या भूगर्भशास्त्रज्ञ. अर्धं आयुष्य त्यांनी खडक वाचले होते आणि आता त्या माणसं वाचत होत्या. त्या म्हणायच्या, काम तेच आहे, फक्त आता खडक चालत आपल्याकडे येतात.

या यंत्रावर देशानं कायदा बेतला, तेव्हा लोकांनी टाळ्याच वाजवल्या होत्या, आणि त्या अस्थानी नव्हत्या. जंगलात बेरी तोडत पंधरा-पंधरा वर्षं काढलेली, कागदाचा चिटोरा नसलेली माणसं होती. त्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यांच्या हाडांनी सांगितलं की ही माणसं इथलीच आहेत, आणि एका दिवसात त्यांना हक्क मिळाला. उलट कोणी धनाढ्य इथे घर घेऊन ठेवायचे, राहायचे भलतीकडेच आणि हक्क सांगायचे. त्यांचं पितळ उघडं पडलं. कागद खोटं बोलतो, वकील खोटं बोलतो, हाड बोलत नाही. पाच वर्षांचं इथलं हाड दाखवा आणि राहा, असा साधा नियम झाला.

पण चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची ती झालीच.

"हे कसं झालं असेल?" घरी आल्यावर हर्षदनं विचारलं. तो स्वयंपाकघरात उभा होता, आणि उत्तर त्याच्या मागच्या फडताळात होतं. बरण्याच बरण्या. नाचणी, हुलगे, तीळ, कारळे, काळा घेवडा. केतकीची आई जावळीच्या खोऱ्यात पानशेवाडीला राहायची. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत स्वतः नाचणी करायची आणि न चुकता लेकीला पाठवायची. लेक परदेशात असली म्हणून काय झालं, वानोळा गेलाच पाहिजे. नीरजाच्या वेळी तर बाळंतिणीचा सगळा खुराक आला होता, डिंकाचे लाडू, आळीव, नाचणीचं सत्त्व.

हर्षद दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचा, नीरजा शाळेत. केतकी मात्र डबा न्यायची. बर्फ पडत असो की काही, पुलाच्या बांधणीवर लाकडाच्या ओंडक्यावर बसून ती नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी खायची. दूध तिला लहानपणापासून बाधायचं. म्हणजे हाडं बांधायला जो काही चुना लागतो, तो सगळा सात वर्षं जावळीतूनच येत होता. एक घर, एक छप्पर, तीन माणसं, आणि त्यातली दोन ग्रॅनाइटवर राहत होती, एक बसाल्टवर. हाडं खाल्ल्या नाचणीला जागली होती.

केतकी त्या दिवशी रडली ती परवान्यासाठी नव्हे. या यंत्राच्या आधीच्या नियमात एक अट होती, सलग वास्तव्य तुटता कामा नये. आबा गेले तेव्हा ती याच अटीपायी गेली नव्हती. वडिलांची चिता तिनं फोनच्या पडद्यावर पाहिली. तिसऱ्या दिवशी भावकीतली माणसं राखेतून अस्थी वेचत होती, तेही पडद्यावरच पाहिलं. देश सोडला नाही, मन घट्ट केलं, आणि आता यंत्र म्हणत होतं की ती गेली सात वर्षं तिथेच होती.

"तिथेच होते म्हणे मी," ती हर्षदला म्हणाली. "मग आबांना खांदा द्यायला का नव्हते?"

हर्षद तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

दुसऱ्या दिवशी केतकी एका डबीत मूठभर नाचणी घेऊन तूलिक्कीबाईंकडे गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणत तिनं डबी टेबलावर ठेवली. बाईंनी दाणे चिमटीत धरून उजेडात पाहिले. तांबूस, मोहरीएवढे. मग त्यांनी ते यंत्रात टाकले.

पडद्यावर केतकीच्या हाडाची रेघ होती. नाचणीची रेघ तिच्यावर येऊन बसली, आणि दोन रेघा होत्या हे सांगितल्याशिवाय कळू नये, इतकी ती बेमालूम बसली.

तूलिक्कीबाई पडद्याजवळ वाकल्या. केतकीला वाटलं, विश्वास बसला नाही. पण बाईंच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"मी चाळीस वर्षं दख्खनच्या खडकाबद्दल वाचतेय," त्या हळूच म्हणाल्या. "जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रावर लाव्हा पसरला. थरावर थर, मैल-मैल जाडीचा. कधी पाहायला मिळालं नाही. आणि तो रोज सकाळी डब्यातून माझ्या गावच्या पुलावर येत होता! तुम्ही ज्वालामुखी खात होतात, केतकी, आणि आमच्यासाठी पूल बांधत होतात."

लहानपणी ज्या कातळावर बसून केतकी ओढ्यात पाय सोडायची, तो तिच्या नडगीत होता. आबांनी आयुष्यभर हीच नाचणी खाल्ली होती, म्हणजे आबांच्या अस्थीही हाच कातळ होता, नदीत सोडल्या तेव्हा डोंगर डोंगराकडे गेला होता. आपण पडद्यावर पाहिलं ते इतकं मोठं काही होतं, हे तिला त्या परक्या कार्यालयात खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळलं.

"मग आता हक्क मिळेल ना?" तिनं विचारलं.

"नाही." बाईंनी चष्मा काढला. "प्रत्येकजण हेच सांगतो, की मी इथेच होतो, फक्त जेवण बाहेरचं होतं. खोटं सांगणारे जास्त असतात. तुम्ही खरं सांगताय हे मला दिसतंय, पण कायद्यानं मला डोळे दिलेले नाहीत, यंत्र दिलंय. कागदावर पाच वर्षं भरलेल्यांना कायद्यानं एकच वाट ठेवलीय. वर्षभराची मुदत मागा. या वर्षात इथल्याच मातीतलं खायचं, दुसरा कणही नाही. कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा नाहीत, त्या कुठल्या समुद्राच्या चुनखडीच्या असतात कोण जाणे. वर्षानं हाडावर इथला एक थर चढलेला दिसला, तर तुम्ही इथल्या. नाही दिसला तर तुम्हाला जावं लागेल. हर्षद आणि मुलगी राहू शकतील."

ते शेवटचं वाक्य बाईंनी फार हळू उच्चारलं, पण ऐकू आलं.

"माझी आजी करेलियातून आली," त्या मग म्हणाल्या. "लढाईत तो मुलूख रशियाकडे गेला, तेव्हा ती एक गाय हाकत चालत आली. इथलं दूध पन्नास वर्षं प्यायली, तरी म्हणायची की मी अजून तिकडचीच आहे. मी हसायचे तिला. आता वाटतं, तिचं हाड वाचायला हवं होतं."

आईला सांगणं सगळ्यात अवघड होतं. केतकीनं सकाळी फोन लावला, तिकडे दुपार होती आणि आई पडवीत तीळ पाखडत बसली होती.

"काय गं, त्वांड का एवढंसं झालंय?" आईनं पहिल्याच नजरेत विचारलं.

केतकीनं सगळं सांगितलं. यंत्र, खडक, हाडं. आई ऐकत राहिली. सूप तिनं बाजूला ठेवलं होतं.

"म्हंजी माझ्या नाचणीनंच घात केला म्हण की."

"घात नाही गं आई. फक्त वर्षभर काही पाठवू नकोस. संक्रांतीचे तिळगूळसुद्धा नको."

"म्हंजी माझ्या हातचं आता इख झालं."

"आई, असं काय बोलतेस?"

"मंग कसं बोलू?" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "सात वरसं तू आली न्हाईस. आबांच्या टायमाला न्हाई आलीस. मी तुला एका सबुदानं बोलले का? मी आपली नाचणी पाठवत ऱ्हायले. पोरगी आपलं खातीया, तेवढाच मला आधार हुता. आता त्योबी काढून घ्या."

आणि तिनं फोन ठेवला.

तो हिवाळा केतकीला खायला उठला. बरण्या तिनं तळघरात नेऊन ठेवल्या. आता ताटात राई नावाच्या तिकडच्या धान्याची आंबट काळी पोळी, कोबीच्या जातीची कुरळी पानं, आणि तळ्यातले बोटभर चंदेरी मासे, काट्यासकट कुडकुडीत तळलेले. काट्यात चुना असतो, आणि त्या माशांनी तो याच तळ्यातून घेतलेला असतो. मासे उत्तम होते. तरी पुलाच्या तपासणीला जाताना तिचा हात सवयीनं डब्याकडे जायचा आणि आत राईची पोळी निघायची. पोट भरायचं, जीव भरायचा नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

आईचे फोन येत होते, पण मोजके. "बरी हायस न्हवं? पोर बरी हाय न्हवं?" संपलं. पूर्वी पहिला प्रश्न 'जेवलीस का?' असायचा. तो आता आई विचारत नव्हती आणि केतकीलाही आपण होऊन सांगवत नव्हतं. सातासमुद्रापलीकडून इतकी वर्षं ज्या दोरीनं त्या दोघी बांधलेल्या होत्या, ती यंत्रानं अशी अलगद कापून टाकली होती.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एक पार्सल आलं. आईचं अक्षर पाहून केतकीला रागच आला. इतकं सांगूनही! आत कापडाच्या पुरचुंडीत नाचणी होती, आणि सोबत तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा निर्यातीचा दाखला. तिनं फोन लावला.

"आई, मी सांगितलं होतं ना, खायला काही पाठवू नकोस म्हणून?"

"खायाला कुठं पाठवलंय?" आई म्हणाली. "पेराया पाठवलंय. माती तर तिथलीच लागंल ना?"

केतकीनं पुरचुंडी हातात घेतली. आईनं चार महिने त्या एका गोष्टीवर विचार केला असणार. लेकीला भरवायचं तर आहे आणि भरवता तर येत नाही, या अडचणीतून तिनं शोधलेली ती वाट होती.

"येईल का गं इथे नाचणी?" केतकीनं शेवटी विचारलं.

"मला काय ठावं? मी काय तिथं आलेय? पेरून बघ. डोंगर हायती का?"

"डोंगर नाहीत. खडक आहेत, सपाट."

"मंग झालं की. नाचणीला काय लई लाड लागत न्हाईत."

हर्षदनं घरामागच्या जागेत जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून काचघर उभं केलं. केतकीनं घरात उबेला तरवा टाकला, आणि उन्हाळा लागताच रोपं काचघरात लावली. रोपं जोमानं वाढली. गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, हिरवीगार. आणि कणीस मात्र धरेनात. नुसता पाला. आईनं फोनवर पाहिलं, तिलाही कोडं पडलं.

उत्तर केतकीला शेतीच्या पुस्तकात सापडलं, आणि ते वाचून ती मान वर करून खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर लख्ख उजेड होता. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळायला निम्मी रात्र उलटते, आणि मावळला तरी आकाश काही काळं होत नाही. नाचणी आपल्या मुलखात रात्र वाढू लागली की कणीस धरते. दिवस लहान होतोय हे ती पानांनी मोजते. इथे ती रात्रीची वाट बघत उभी होती आणि रात्र येतच नव्हती.

"रातच हुत न्हाई?" आई थक्क झाली. "मंग माणसं झोपत्यात कवा?"

"पडदे लावून."

"मंग तिलाबी लाव की."

केतकीही तेच योजत होती. पूल बांधणाऱ्या बाईला चौकट करायला किती वेळ लागणार? तिनं काचघरावर लाकडी कमानी बसवल्या आणि त्यांवर सरकणारं जाड काळं कापड. रोज संध्याकाळी ती आणि नीरजा दोन टोकांना धरून ते ओढायच्या. बाहेर सगळं गाव सोनेरी उन्हात न्हालेलं असायचं, तळ्यात माणसं पोहत असायची, आणि त्या चौकोनापुरती जावळीची रात्र व्हायची. एकदा केतकी आत उभी राहिली आणि नीरजानं बाहेरून कापड ओढलं. मिट्ट काळोख झाला. पानांचा ओला वास आला, ऐन भाद्रपदात पानशेवाडीच्या बांधावर येतो तो. केतकी हात पुढे करून चाचपत राहिली, आणि तिला खरोखर क्षणभर कळेना की आपण कुठल्या देशात उभ्या आहोत.

महिन्याभरात कणसं धरली. मिटलेल्या मुठीसारखी, आधी हिरवी, मग तपकिरी. आईला दाखवली तेव्हा ती मोठ्यांदा हसली. किती दिवसांनी हसली होती! "रातीचं पांघरूण घालून पीक घेतलंस गं बाई," ती म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं न्हवतं." मग तिनं कणसं कशी खुडायची, किती वाळवायची, काठीनं कशी बडवायची ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. केतकीला ते ठाऊक होतं. तरी तिनं सगळं ऐकून घेतलं.

पीक काही पोत्यांनी आलं नाही. एका मध्यम डब्यात मावलं. त्यातले चार दाणे घेऊन केतकी वर्षाच्या मुदतीला तूलिक्कीबाईंसमोर जाऊन बसली. हर्षद बाहेर येरझारा घालत होता. आत बसायचं त्याच्यानं होईना.

बाईंनी आधी दाणे वाचले. जुन्या डबीतली जावळीची नाचणी त्यांनी जपून ठेवली होती, तीही शेजारी घातली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक तळाशी, एक पार वर. मध्ये जवळजवळ पावणेदोनशे कोटी वर्षांचं अंतर होतं.

"बी तेच ना?" बाईंनी खात्री करून घेतली.

"तेच. आईच्या शेतातलं."

"एका हंगामात!" बाई पडद्याकडेच बघत होत्या. "खडकाला इतकं व्हायला सगळा काळ लागला. आणि या गवतानं एका उन्हाळ्यात डोंगर बदलला." त्यांनी मान हलवली. "पाय ठेवा."

केतकीनं नडगी कड्यात सरकवली. यंत्र गुरगुरलं. पडद्यावर तिचं हाड आडवं कापल्यासारखं दिसू लागलं. आत सगळं निळं, जावळीचं. लहानपण, शाळा, लग्न, इथली सात वर्षं, सगळं एकसारखं निळं. आणि अगदी कडेला, बाहेरच्या अंगाला, एक तांबडी रेघ होती. केसाएवढी. पण पूर्ण वळसा घालून आलेली, कुठे तुटलेली नाही.

हिरवा दिवा लागला.

केतकीला उठायचं सुचेना. ती त्या रेघेकडे बघत राहिली. माशांचे काटे, राईची पोळी, आईचा अबोला, काळ्या कापडाखालची रात्र, सगळं वर्ष त्या केसाएवढ्या रेघेत होतं. आणि निळं कुठेही पुसलं गेलं नव्हतं. ते आत होतं तसंच होतं, तांबडं त्याच्यावरून चढलं होतं. तिला वर्षभर वाटत आलं होतं की एक सोडल्याशिवाय दुसरं मिळणार नाही. शरीराला मात्र तसं काही वाटत नव्हतं.

"आता तुम्ही जाऊ शकता," तूलिक्कीबाई म्हणाल्या आणि केतकीचा चेहरा पाहून त्यांना आपलं बोलणं सुधारावं लागलं. "म्हणजे, घरी. आईकडे. हक्क मिळाल्यावर कितीही दिवस जा, कोणी मोजत नाही."

मार्गशीर्षात केतकी नीरजाला घेऊन पानशेवाडीला आली. आई फाट्यावर न्यायला उभी होती. एवढीशी झाली होती. तिनं केतकीला जवळ घेण्याआधी नीरजाला घेतलं, आणि मग दोघींना मिळून जे धरलं ते सोडेचना. पहिल्या दिवशी त्या आबांच्या फोटोसमोर बसल्या. जे बोलायचं ते सगळं बोलल्या, जे रडायचं ते रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीनं बॅगेतून पिठाचा डबा काढला आणि चुलीपुढे बसली.

"ऊठ," आई म्हणाली. "माहेराला आलेली लेक चुलीम्होरं बसती व्हय?"

"आज बसणार. हा वानोळा आहे. माझ्या शेतातला."

"तुझं शेत म्हंजी त्या चार खिडक्या," आई हसत म्हणाली, पण पाटावर बसली. केतकीनं पीठ परातीत घेतलं, उकळतं पाणी घालून मळलं, भाकरी थापली. भाकरी फुगली. तिनं ती आईच्या ताटात वाढली, वर तूप सोडलं. आईनं तुकडा मोडला, चावला, डोळे मिटून चव घेतली.

"आपलीच हाय," ती म्हणाली. मग पुन्हा एक घास घेतला. "पर जरा निराळीबी लागती. वाईट न्हाई. निराळी."

"ती तिकडची माती आहे, आई."

आई खाता खाता थांबली. वर्षभरात तिनं यंत्राबद्दल इतकं ऐकलं होतं की पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

"मंग ह्ये आता माझ्या हाडात बसंल?"

"बसेल."

"किती दिस ऱ्हातंय?"

"दहा वर्षं तरी."

आईनं ताटात उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. पानशेवाडीच्या पुढे तालुक्यापलीकडे ती कधी गेली नव्हती, आणि या वयात जाणारही नव्हती. विमान तिनं फक्त आभाळातच पाहिलं होतं.

"दहा वरसं म्हंजी मी मरंपतोर," ती म्हणाली. "मरंपतोर तुझं गाव माझ्यात ऱ्हाईल."

केतकीनं मान हलवली.

"मंग अजून चतकोर वाढ," आई म्हणाली आणि तिनं ताट पुढे सरकवलं.